जमनीचा हात

६ नोव्हेंबर २००६, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. आदर्श आरोग्यसेवक पुरस्काराचा अर्ज भरायचाय, उपयोगी पडेल.
तांड्यावरची जमनी उपकेंद्रात आली. महिन्याचा खोकला, संध्याकाळी ताप. थुंकी तपासायला फुलसावंगीच्या दवाखान्यात जा म्हटलं. म्हणाली, ‘वेचणी चालू हाय साहेब, दोन दिवस कापूस कायले सोडू?’ मग मी डोकं चालवलं. टीबीची सुई इथेच हातावर दिली. हात सुजला तर टीबी. साधी गोष्ट.

९ नोव्हेंबर
जमनीचा हात सपाट. मोजपट्टी लावायचीसुद्धा गरज नाही. टीबी नाही, असं सांगून टाकलं. अनवाणीच आली होती, तशीच हसत गेली. खोकल्याचं औषध दिलं.
अर्जात लिहिलं : जागेवर निदान.

१८ नोव्हेंबर
जमनी परत. खोकला तोच, अंग उतरलंय. कापसाची धूळ आहे म्हटलं. रिपोर्ट खोटं बोलत नाही.
जंताच्या गोळ्या तांड्यावर न्यायच्या राहिल्यात. रस्ता फार खराब. रजिस्टरला ‘वाटप पूर्ण’ लिहिलंय, म्हणजे न्याव्या लागतीलच. सोमवारी.

१ डिसेंबर
मीटिंग. नव्या डॉक्टर उर्वशी मॅडम जंतांवर तासभर बोलल्या. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळपायातून आकडेकृमी शिरतात. पोटात वर्षानुवर्षं राहायचं, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना थंड करतात. मग दुसरा रोग आला तरी पहारेकरी नीट उठत नाहीत. अशा माणसाला टीबी असूनही सुईची जागा सपाट राहू शकते. म्हणून सुईच्या भरवशावर राहू नका, थुंकी बघा, म्हणाल्या.
सगळे लिहून घेत होते. माझं पेन चालेना.
मग मॅडमनी विचारलं, तांड्यांवर गोळ्या कुणी कुणी पोचवल्या? मी हात वर केला.

२ डिसेंबर
सुईचं औषधच खराब असणार. फ्रीज कधीकधी बंद पडतो. चूक फ्रीजची.
खात्री म्हणून त्याच बाटलीतलं स्वतःला टोचून घेतलं.

४ डिसेंबर
माझा हात सुजला. पंधरा मिलिमीटर. तीनदा मोजलं. मॅडमना फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं. आपल्याकडे मोठ्या माणसांत पुष्कळांचा सुजतो, म्हणाल्या, त्याचा अर्थ आजार आहेच असा नाही.
मला टीबी नाही आणि औषध चांगलं आहे. आनंद व्हायला हवा होता.

५ डिसेंबर, दुपारी २
तांड्यावर उद्या जातो. क्लचची वायर तुटलीय.
लसीकरणाच्या खोलीत कुणीतरी खोकलं. उठून पाहिलं, रिकामी.

११ डिसेंबर
वायर परवाच बसवली. आज पोट बरं नाही.
बाजारात एक बाई बांगड्या भरायला हात पुढे करून बसली होती. गोरा, सपाट हात. जमनीशी काही संबंध नाही. तरी भाजी न घेताच घरी आलो. बायको म्हणाली, ‘काहून असे घाबरल्यावानी दिसून राह्यले?’ ऊन लागलं म्हटलं. डिसेंबरात.

१४ डिसेंबर
खोकला आता जेवतानाही ऐकू येतो. कान तपासून घ्यावे.

१९ डिसेंबर
गेलो. गोळ्या नेल्या, थुंकीच्या डब्या नेल्या. काय बोलायचं ते गाडीवर तीनदा म्हणून पाहिलं : जमनी, माझी चूक झाली, उद्याच तुला दवाखान्यात नेतो.
रामसिंग, तिचा नवरा, दारात बसला होता. गुरुवारी गेली, म्हणाला. खोकल्यातून रक्त पडलं, गाडी मिळेपर्यंत संपली.
त्यानं मला खाटेवर बसवलं, चहा केला. म्हणाला, ‘साहेब, तिच्यासाठी घरी आले ते तुमीच एकले.’
आत त्याची म्हातारी आई खोकत होती. मी डबी पुढे केली. सकाळची थुंकी पाहिजे, टीबी आहे का ते बघायचंय, म्हणालो.
म्हातारी घाबरली. रामसिंगनं तिची समजूत काढली. ‘टीबी कायले होईन तुले? आपल्या घरात कोनालेच नाही. जमनीचा हात साहेबानं सोताच पाह्यला होता.’
मग दोघंही माझ्याकडे बघत राहिले.
मी म्हणालो, ‘बघू.’