केबल तुटली, माणूस पाठव

थोरले साडूसाहेब यांस,

धाकट्या साडूचा नमस्कार. तो उभ्याने घेऊ नका. आधी खुर्चीत बसा, पाण्याचा पेला हाताशी ठेवा, आणि शक्यतो ताई घरात नसताना पुढचं वाचा. (फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे फोन ताई उचलतात.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कटकट वाजतो म्हणत होतात, ते थांबलं का? ताईंची तब्येत विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. खरं तर त्यांची तब्येत आपल्या दोघांपेक्षा ठणठणीत आहे आणि त्याचं कारण मला काल कळलं. मी खुशाल आहे असं लिहायला पेन उचललं होतं, पण खोटं कशाला लिहू? चहा झाला, तोंड धुऊन झालं, गॅलरीत येरझाऱ्या घालून झाल्या, तरी धक्का काही उतरत नाही.

विषय आपल्या गाडीचा आहे. आपल्या म्हणजे आधी तुमच्या आणि आता माझ्या. तिची दुखणी तुम्हाला पाठ आहेत. मागची काच खाली जाते आणि वर यायचं विसरते, वळताना हॉर्न स्वतःच्या मर्जीने वाजतो, आणि ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकते. या सीटवर आपण किती डोकं चालवलं, आठवतं? दर रविवारी मी ती मागे ढकलून बसायचो आणि पुढच्या रविवारी माझे गुडघे पुन्हा डॅशबोर्डला टेकलेले असायचे. तुम्ही म्हणालात, पार्किंगला उतार आहे. मी म्हणालो, उन्हाने सीटखालचे रूळ फुगतात. शेवटी आपण दोघांनी अख्खी दुपार घालवून तिथे लाकडाची पाचर ठोकली. पुढच्या रविवारी ती पाचर मागच्या सीटवर नीट ठेवलेली सापडली. (तुम्ही म्हणालात, खड्ड्यातून जाताना उडाली असेल. मला ते पटलं होतं.)

मागच्या महिन्यात गाडीने भर रस्त्यात वाफ सोडली, तेव्हा तुमच्या मेहुणीने बॉनेटपाशी उभं राहून जाहीर केलं की ही पुन्हा एकदा रस्त्यात बसली, की त्याच दिवशी भंगारात. तिचा शब्द म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुमच्या घरात तिचीच मोठी बहीण आहे. आणि मला तर ही गाडी सोडवत नाही. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात, अंधाऱ्या खोलीत, लोकांना विचारत असतो की आता नीट दिसतं की मघाशी नीट दिसत होतं. दुकानापाशी गाडी लावायला जागा नाही म्हणून जातो-येतो बसने. आठवड्यातून एकदा त्या स्टिअरिंगमागे बसलो, की मला कुणी काही विचारत नाही आणि मीही कुणाला विचारत नाही. स्वयंपाकघर तिचं, कपाटं तिची, टीव्हीचा रिमोट तिचा. घरातलं एवढं एकच खातं माझ्याकडे होतं, साडूसाहेब.

तर काल सकाळी बॅटरी उतरू नये म्हणून मी गाडी जरा फिरवायला काढली. मोठ्या चौकात सिग्नलला थांबत होतो, तेवढ्यात पायाखाली टण्ण असा आवाज झाला. क्लचचं पेडल जमिनीला टेकलं ते वर येईचना. बुटाचं टोक खाली घालून उचललं, पुन्हा आडवं झालं. गाडीने एक उचकी दिली आणि बंद पडली. मागे बस होती आणि बसचा ड्रायव्हर हॉर्नवर कोपर टेकून बसल्यासारखा वाजवत होता. वाहतूक पोलीस आला, त्याने काचेवर टकटक केली आणि गाडी उचलून नेण्याची भाषा सुरू केली. मेकॅनिकचा नंबर घरी फ्रिजवर चिकटवलेला. जिवावर आलं, पण घरी फोन लावला. तिकडे मिक्सर चालू, इकडे बस चालू. मी जीव तोडून ओरडलो, "केबल तुटली, माणूस पाठव, मोठ्या चौकात!" आणि माझ्या फोनने मान टाकली.

माणूस लगेच आला, याचं मला कौतुकच वाटलं. मोटरसायकलला शिडी बांधलेली, खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो आभाळाकडे बघत या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरला आणि मग खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, जरा गाडी पुढे घ्या, शिडी लावायचीय." मी म्हटलं, "अहो, ती पुढे जात नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलंय!" मी बॉनेटकडे बोट दाखवलं, त्याने शिडीकडे. मग त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच तुमच्या मेहुणीला सांगितलं, "बाई, इथं टीव्हीच नाहीये. एक काका आहेत, त्यांचीच केबल तुटलीय म्हणतात."

ती रिक्षाने आली, हातांना अजून पीठ. मी डोळे मिटून घेतले. आता भंगार, एवढंच डोक्यात होतं. मनातल्या मनात मी स्टिअरिंगचा निरोपसुद्धा घेतला. आणि खिडकीतून आवाज आला, "अहो, नुसतं केबल काय म्हणता? क्लच केबल म्हणायला काय झालं होतं?"

क्लच! साडूसाहेब, इथे पाणी प्या. गाडीतल्या कुठल्याही वस्तूला ही बाई इतकी वर्षं "ते" म्हणत आली. ते वाजतंय, ते गळतंय, ते बंद करा. आणि आता भर चौकात, टीव्हीच्या माणसादेखत, क्लच! मी काही बोलायच्या आत तिने दार उघडलं आणि म्हणाली, "सरका." मी सरकलो. ती बसली, आणि न बघता, सवयीने, हात सीटखाली घालून तिने खटका ओढला. सीट पुढे सरकली.

आवाज तोच हो. खर्र, खट्. उताराचा नाही आणि उन्हाचाही नाही. माझ्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा, पुढचं तर मी स्वप्नात असल्यासारखं पाहिलं. तिने गाडी बंद असतानाच पहिला गिअर टाकला आणि किल्ली फिरवली. गाडीने एक उडी मारली आणि निघाली! क्लचशिवाय! पुढे वेग आल्यावर तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, मान जरा कलती करून इंजिनचा आवाज ऐकला आणि दुसरा गिअर असा अलगद घातला की मला आतापर्यंत क्लच असतानासुद्धा तसा घालता आलेला नाही. (माझ्या हातून तो घालताना शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीत येतात.) मी दाराच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. पुढे टीव्हीवाला शिडीसकट मोटरसायकलवर लोकांना बाजूला करत चालला होता. ज्या पोलिसाने मला दम दिला होता, त्याने हिच्यासाठी दोन्हीकडची वाहनं थांबवली.

रस्ता मी सांगायचा प्रश्नच नव्हता. गॅरेज आलं. (दुरुस्तीला गाडी न्यायला तिथला पोऱ्या घरी यायचा, मी तिथे कधी गेलो नव्हतो.) मेकॅनिक गाडीखालून डोकं बाहेर काढून म्हणाला, "या ताई, गेली ना शेवटी केबल?" मी घसा खाकरला. त्याने विचारलं, "हे कोण?" ती म्हणाली, "आमचे हे." त्याचा चेहरा एकदम उजळला. "अच्छा! क्लचवर पाय ठेवून बसतात, ते?"

म्हणजे माझी ओळख आहे तिथे. साडूसाहेब, मी माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं. मला वाटायचं, पाय ठेवायलाच दिलंय ते. जुनी केबल त्याने खेचून काढली, टोकाला तिची एकेक तार सुटून पार कुंचा झाला होता, आणि गॅरेजातल्या सगळ्यांनी ती आळीपाळीने हातात घेऊन मग माझ्याकडे पाहिलं. नवी केबल भोकातून आत आली, वरचं टोक पेडलला अडकलं, खालचं गिअरबॉक्सच्या काट्याला. तो नट आवळायला लागला, तर ही म्हणाली, "पेडल वरच्या बाजूला जरा मोकळं ठेवा, मागच्या वेळी फार ताठ झालं होतं." मागच्या वेळी! मी तिथेच एका जुन्या टायरवर बसलो.

घरी येताना विचारलं. तिने आरशात बघत, अगदी भाजीचं सांगावं तसं सांगितलं. गाडी तुमच्याकडे होती तेव्हाच ताई गुपचूप शिकल्या, ताईंनी तिला शिकवलं. तेव्हा तुम्हाला पेट्रोल फार लागायचं आणि तुम्ही पंपावर जाऊन भांडून आला होतात, ते आठवा. (हिशेब तपासण्यात तुमची हयात गेली, हे मी मुद्दाम लिहीत नाही.) आता थोडं जपून वाचा. ताईंचा बुधवारचा शिवणवर्ग. साडूसाहेब, असा वर्गच नाही. इतक्या दिवसांत घरी एक रुमाल तरी शिवून आला का? दर बुधवारी या दोघी पुलापलीकडच्या मोकळ्या रस्त्याने गाडी नेतात, एका झाडाखाली थांबून थर्मासमधला चहा पितात आणि बोलत बसतात. काय बोलतात, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

मग भंगाराचं काय, असं मी शेवटी धीर करून विचारलं. तर म्हणाली, "भंगारात काढायला वेड लागलंय का? तुम्ही हात लावायचं थांबवावं, म्हणून म्हणत होते मी." म्हणजे गाडी राहिली. मला हवं होतं तेच झालं, आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. आता रविवारी मी शेजारच्या सीटवर बसणार. ती सीट मात्र अजिबात सरकत नाही.

ताईंना नमस्कार सांगू नका, पत्र आल्याचं कळेल. गुडघ्याला जपा.

आपला,
बाजूला सरकलेला साडू

ता. क. : एवढं सगळं लिहिलं ते खरं एका कामासाठी. गाडीची दुसरी किल्ली तुमच्या कपाटात, जुन्या चष्म्याच्या डबीत आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात. ती दुकानाच्या पत्त्यावर गुपचूप पाठवा. आमची किल्ली कालपासून हिच्या पर्समध्ये आहे. मी चालवणार नाही, शपथ. सीट मागे घेईन आणि नुसता बसेन.

ता. क. दुसरा (अक्षर वेगळं आहे, घाबरू नका) : भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी डिंक माझ्याकडेच मागितला. चष्म्याची डबी उघडून बघू नका, उगाच वाईट वाटेल. ती किल्ली ताईकडेच असते. यांना मात्र मी सीट मागे घेऊन बसू देईन, अगदी पुलापलीकडे चालवूसुद्धा देईन, डावा पाय मांडी घालून ठेवला तर. येत्या बुधवारी तुम्हीही ताईबरोबर या. मागे जागा आहे, चहा जास्त आणू. फक्त येताना पाचर आणू नका.