याच डिस्कपुरतं

३ तारीख, सोमवार

लागलो बुवा एकदाचा नोकरीला! खोक्यांचा कारखाना आणि मी त्याचा नवा कॉम्प्युटरवाला. वशिला ताईचा, ती इथे पॅकिंगला आहे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, तेव्हा तिच्या डब्यातला अर्धा वाटा माझाच, असं मी पहिल्याच दुपारी जाहीर केलं. तिने टपली मारली आणि अर्ध्याहून जास्त दिलं. फाटकावरचे पहारेकरीकाका मला ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणून सलाम ठोकतात, चेष्टेने. माझी खोली कटिंग मशीनच्या भिंतीला लागून. पातं खाली आलं की टेबलावरचा कप हलतो.

पडद्याच्या कडेला आधीच्या माणसाची चिठ्ठी आहे: शोधाच्या ओळीत एक्सडेव्ह घालायचंच. तो शब्द घातला की फाइलींचा शोध एकाच डिस्कपुरता राहतो. नाही तर जोडलेल्या दुसऱ्या डिस्कमध्येही शिरतो. एवढं मलाही कळतं, दूधखुळा नाही मी.

५ तारीख

डिस्क तुडुंब. मॅनेजरसाहेबांचा हुकूम आला: दहा वर्षांपेक्षा जुन्या फाइली रोज सकाळी दहाला आपोआप पुसल्या जायला हव्यात. ओळ खरडून वेळापत्रकात टाकली. ताई जेवायला हाका मारत होती आणि पोटात कावळे ओरडत होते.

६ तारीख

सकाळी दहाला फाटक आपसूक सरकलं आणि त्याने काकांना खांबावर चिरडलं. बरगड्या मोडल्याचा आवाज आला. आम्ही तिकडे धावलो, तोच मागून कटिंगवाल्याची किंकाळी. स्विच बंद होता, मी स्वतः पाहिला. तरी पातं पडतच होतं. आधी मनगटं तुटली, मग तो पुढे ओढला गेला, मग मान. ताईच्या तोंडावर रक्त उडालं. ती बाहीने तोंड पुसतच राहिली.

७ तारीख

काल काय काय पुसलं गेलं त्याची यादी पाहिली. शेवटच्या दोन फाइली ‘माणसं’ नावाच्या फोल्डरमधल्या. एक पहारेकरी, एक कटिंगवाला. ते फोल्डर म्हणजे जोडलेली दुसरी डिस्क. एक्सडेव्ह घालायला मी विसरलो. मी.

तिथे प्रत्येक कामगाराची एक फाइल आहे, त्यावर कामावर आल्याची तारीख. दहा वर्षं ओलांडलेले ते दोघेच होते. मॅनेजरसाहेबांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, ती डिस्क त्यांच्याही आधीची आहे, तिला कोणी हात लावत नाही, आणि याची वाच्यता नको.

ताईची फाइल उघडली. तिला उद्या दहा वर्षं होतात.

८ तारीख, सकाळी सात

ओळीत एक्सडेव्ह घातलं. दहादा वाचलं. आता शोध आपल्याच डिस्कपुरता, पलीकडे पाऊल टाकणार नाही.

तरी जिवाला चैन नाही. त्या डिस्कचा काय भरवसा? ताईची फाइल तिथून उचलली आणि आपल्या डिस्कवर आणली, माझ्या फोल्डरमध्ये. आता कशी डोळ्यांसमोर आहे.

साडेनऊ

ताईला म्हटलं, आज घरी थांब. ऐकेल तर शपथ. दहा वर्षांत एक खाडा नाही म्हणे, आजच कशाला? तिला कटिंग मशीनवरचं वाळलेलं रक्त खरवडायला लावलंय. भिंतीपलीकडून खरवडल्याचा आवाज येतोय.

नऊ सत्तावन्न

सहज फाइल पाहिली. तारीख जुनीच. जागा बदलली तरी फाइलवरची तारीख बदलत नाही —

शोध आपल्याच डिस्कपुरता —

आणि ती आता आपल्याच —

मीच आणली. मी माझ्या हाताने —

परत जात नाही. पलीकडची डिस्क घेतच नाही. वेळापत्रक उघडत नाही — दारही — कडी बाहेरून —

भिंतीवर बुक्के मारतोय. ताई मागे सर, ताई मागे — तिला चेष्टा वाटतेय. पलीकडून हसून टकटक —

कप हलला.

ताई

पुन्हा ह