डोळे मिटले की पाय जातात

४ नोव्हें., मंगळ. पारनेर
कालच्या कार्याचा मंडप सोडून झाला. हौदावर तोंड धुवायला वाकलो, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटले आणि धाडकन खाली. कुणी ढकललं म्हणून बघितलं, तर मागं फक्त मालकाची शेळी. पोरं हसली. "संत्या, सकाळीच टाकली का?" मी पीत नाही. उठून परत डोळे मिटून बघितले. परत तेच. उघडे असले की पाय आहेत, मिटले की नाहीत.
शेळी झकास होती. एक कान काळा, एक पांढरा. फोटो काढला.

७ नोव्हें., शुक्र.
आत्याकडं. पाथर्डीच्या पुढं जीपनं, फाट्यापासून चालत. दाराशी आलो तर डाव्या पायात चप्पल नाही. कुठं निसटली कळलंच नाही. टाचेत बाभळीचा काटा, तोही दिसला तेव्हा कळला.
अर्धं गाव ऊसतोडीला. आळीत ओळीनं कुलपं. एका कुलपावर कोळ्यानं जाळं पण विणलंय.
आई गेल्यावर आत्यानंच मला वाढवलं. तिच्या अंगावर कोड, केस पंचविशीतच पांढरे झालेले. मंगळवार-शुक्रवार तिच्या अंगात देवी येते. डोळे मिटून उभी राहते, मग डोलायला लागते. लहानपणापासून बघतोय, त्याचं काही वाटत नाही. आज तिच्या मागं मीही हात जोडून डोळे मिटले.
डोललो. पडलो.
जमलेल्या बाया ओरडल्या, "पोराला वारं आलं!" कपाळभर कुंकू. एका म्हातारीनं पायच धरले. "आई, सून तोडीला गेलीय, चार दिस फोन न्हाई. बरी हाय का?"
सुटका व्हावी म्हणून म्हणालो, "उद्या येईल फोन."

८ नोव्हें.
आला फोन.
म्हातारी नारळ घेऊन दारात. आत्या तिच्याशी बोललीच नाही, माझ्या पायांकडं बघत राहिली. ती गेल्यावर म्हणाली, "मला बी असंच सुरू झालं हुतं. आदी चप्पल हरवली."

१३ नोव्हें. नगर
काटा चिघळला म्हणून दवाखाना. डॉ. टाच सोडून जीभच बघत बसले. "इतकी लाल, गुळगुळीत कधीपासून?" मग एक लोखंडी चिमटा वाजवून घोट्यावर टेकवला. थरथर कळतेय का? मी म्हटलं, कसली? आवाज कानाला ऐकू येत होता. पायाला काहीच नाही.
मग डोळे मिटायला लावले. मागं हात धरून उभे होते म्हणून वाचलो.
रक्त कमी, बी ट्वेल्व्ह पार तळाला. म्हटलं, साहेब, मी बोकड पचवणारा माणूस. तर म्हणाले, "पचतंय कुठं? पोटात नळी घालून बघू." आजपासूनच सुया चालू.

२१ नोव्हें.
घशात कडू फवारा, मग नळी. पडद्यावर स्वतःचं पोट बघितलं. डॉ. म्हणाले, इथं वळ्या असतात. तिथं काहीच नव्हतं. सपाट, पुसून काढल्यासारखं, आतल्या शिरा दिसत होत्या. गावातली बंद घरं आठवली. का, माहीत नाही. तपासायला चार-पाच तुकडे काढले.
बाहेर एक जण मोराची पिसं विकत होता. दोन घेतली.

१ डिसें.
रिपोर्ट. शरीराची राखण करणारं रक्तच पोटाच्या अस्तराला परकं समजून संपवतंय. त्यामुळं खाल्लेल्यातलं बी ट्वेल्व्ह पोट उचलूच शकत नाही. सुईनंच द्यायचं. आता रोजच्या संपल्या, पुढं आठवड्याला, मग महिन्याला. जन्मभर. मंडपाच्या कामात मी एका गावात महिनाभर कधी टिकलोय?
कशानं झालं? "नेमकं सांगता येत नाही. पण घराण्यात चालतं. घरात कुणाला थायरॉईड? कोड? केस लवकर पिकलेले?"
आत्याचं सांगितलं.
"त्यांचे पाय कसे आहेत? उशीर झाला तर गेलेलं परत येईलच असं नाही. घेऊन या त्यांना."

१९ डिसें., शुक्र.
परवा चिमट्याची थरथर उजव्या घोट्याला कळली. रडू आलं. ते सांगायलाच आत्याकडं आलो, पण ती देवळात, डोळे मिटून डोलत होती. धुपाटण्यातून निखारा घरंगळला. तिची टाच त्यावर. बाया हात जोडून, "इंगळावर हुबी हाय आई!"
वास आला. मी धावत जाऊन पाय उचलला.
"वारं मोडलं मेल्यानं!" पाठीत एक चप्पल पण बसली.
घरी टाचेला मलम लावताना सगळं सांगितलं. पोट, रक्त, कोड, सुया. तिनं ऐकलं. मग, "आन् त्या म्हातारीचा फोन? त्यो बी तुज्या पोटानं आणला का?"
मी मलमाचं झाकण लावलं.
पाय जवळ ओढून म्हणाली, "सुईनं देवी उतरली तर माज्या दारात कोन येईल रं?"
म्हटलं, मी येईन.
"तू? तू तर फाट्यावरच हरवतोस."

२ जाने., शुक्र.
जीपमध्ये बसून लिहितोय. आत्या परवा फोनवर दवाखान्याला हो म्हणाली, म्हणून जीप दारापर्यंत आणली. जीपवाला हॉर्न मारतोय.
आत गेलो तर म्हणाली, "आदी तू डोळे मिट. बगू दे."
मिटले. पाय होते. दोन्ही. जमीन गार लागली, खडासुद्धा टोचला. पडलो नाही.
मग कंबरेला कुणाचा तरी हात लागला. हलकेच. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.
डोळे उघडले. आत्या पार तिकडं, उंबऱ्यावर बसून चप्पल घालत होती. खाली बघून, एकेक बोट हातानं आत सारत. घरात तिसरं कुणी नाही. तिला सांगितलं नाही. डॉ.ना सांगू का?
म्हातारी येतेय आळीतून, नारळ घेऊन. मागं आणखी दोघी. शुक्रवार आहे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.
आत्यानं त्यांना बघितलंय. एका पायात चप्पल आहे. दुसरी हातात.