इंजिन चालू राहू द्या

बेडोक, सिंगापूर

ती. नंदाताईंना,

चैतालीचा सा. नमस्कार. रेवदंड्याला सगळे खुशाल असतील आणि जिना चढताना तुमचे गुडघे आता कमी कुरकुरत असतील, असं धरून चालते. आम्ही मायलेकी मजेत आहोत.

तुम्ही बजावलं होतंत की संग्रामची बोट अँटवर्पला लागली की मी स्वतः तिथे जायचं, शहर नीट बघायचं (म्हणजे तुम्हाला भिशीत सांगता येईल) आणि बोटीवरची नोकरी सोडून सिंगापूरच्या बंदरातली, रोज घरी येण्याची नोकरी तुमचे बंधुराज घेणार की नाही, ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. फोनवर विचारलं की त्याची रेंज जाते, हे तुम्हाला माहीत आहेच. निघताना जाईनेही शाळेचे मोजे चढवता चढवता "जस्ट ब्रिंग बाबा होम, लाह," एवढंच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं. तिला वाटतं, बाबा विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यावरून उचलून आणायचा असतो.

तर ताई, संध्याकाळपर्यंतची सुट्टी काढून तो आला. मी सगळं आखून ठेवलं होतं: कॅथेड्रल, जुना चौक, नदीकाठचा किल्ला. पर्यटकांची उघड्या टपाची दुमजली बस पकडली, हवं तिथे उतरा, हवं तिथे चढा अशी. दुसरा थांबा यायच्या आत त्याचं डोकं माझ्या खांद्यावर. (इंजिनरूममध्ये काय काय बिघडलं ते सांगता सांगता वाक्याच्या मध्येच झोपला.) कॅथेड्रल आलं, गेलं. किल्ला आला, गेला. उठवणार होते, पण जाई झोपते तसा तोंड उघडं टाकून झोपला होता, मला धीरच झाला नाही.

स्टेशनापाशी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, तसा संग्राम ताडकन उठला आणि "काय बंद पडलं?" म्हणत जिना उतरून धावला. ड्रायव्हर बिचारा सँडविच खात होता, त्याला याने चक्क मराठीतून जनरेटरचं विचारलं. बोटीवर आवाज थांबला म्हणजे संकट, हे त्याच्या अंगात भिनलंय. त्याला परत वर बसवून मी ड्रायव्हरला हात जोडले, इंजिन चालू राहू द्या म्हटलं. भल्या माणसाने ठेवलं, वर माहिती सांगणारा स्पीकरही बारीक केला. मग आम्ही नुसत्या फेऱ्या घालत राहिलो. खांदा बधिर झाला, पण इतकं सुख मला कितीतरी महिन्यांत मिळालं नव्हतं. नोकरीचं विचारायचं तेवढं राहून गेलं. रागावू नका.

तुमची,
चैताली

ता. क. भिशीत सांगा, कॅथेड्रल फार उंच आहे. आतून कसं आहे ते कुणाला विचारू देऊ नका.

आणखी एक ता. क. नोकरीचं वर लिहिलं ते खरं नाही. बंदराच्या फाटकापाशी मी विचारलंच. बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत तो म्हणाला, "घेतो गं. पण घरी झोप लागत नाही. शांत झालं की काहीतरी बंद पडलंय असं वाटतं." सुट्टीत तो रात्री घरभर फिरायचा, तेव्हा मला वाटायचं, याचा जीव आमच्यात रमत नाही. नोकरी घेतोय हे तुम्हाला तो स्वतः सांगणार आहे, फोन आला की नवल वाटल्यासारखं करा. आणि एक मागणं आहे. त्याच्या लहानपणचा तो खडखडणारा टेबलफॅन तुम्ही भंगारवाल्याला देणार होतात, तो देऊ नका. इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा. दुरुस्त मात्र अजिबात करू नका.