शिंपीकाकांच्या हातातली पट्टी काढून न घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, भौतिकोपचार विभाग
तथा अध्यक्ष, उपचार पुरावा समिती,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील संशोधन ग्राह्य धरून रुग्ण शिंपीकाका यांचा हाताचा व्यायाम चालू ठेवण्याबाबत.

संदर्भ : समितीचा शेरा, ‘पुरावा उपलब्ध नाही. सोमवारपासून व्यायाम बंद करावा.’

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार ही आपल्याच विभागात भौतिकोपचारतज्ज्ञ असून, पक्षाघाताने उजव्या हाताची ताकद गेलेले शिंपीकाका तिच्याकडे उपचार घेतात. त्यांच्या हातात कापडाची पट्टी देऊन दुसरे टोक कधी हळू, कधी झटक्याने ओढायचे, असा हा व्यायाम आहे. ओढण्याचे काम त्यांच्या पत्नी, काकू, करतात आणि पट्टी सुटली की, “अहो, सोडलीत ना! गिऱ्हाईकाचं कापड असंच सोडून देणार का?” अशी कानउघाडणीही करतात. गेल्या आठवड्यात प्रथमच पट्टी सुटली नाही. काकू ओढत राहिल्या आणि ओढता ओढता रडू लागल्या. हात चालला नाही तर दुकान बंद करावे लागेल, हे दोघांनाही पक्के माहीत आहे.

२. पुरावा शोधण्यासाठी अर्जदार नियमानुसार ग्रंथालयात गेली. तेथील संगणकावर ‘फक्त इंग्रजी’ ही खूण कायमची लावून ठेवलेली आहे. शोधाचे उत्तर शून्य आले, त्या शून्यावर शिक्का बसला आणि ते समितीकडे रवाना झाले. खूण काढण्याची विनंती केली असता ग्रंथपाल म्हणाले, “ताई, ती काढली की वाट्टेल त्या भाषेतलं येतं. आम्ही ते ठेवायचं कुठं?”

३. मग अर्जदाराने घरी शब्दकोश घेऊन ‘हात’, ‘पकड’, ‘कापड’ हे शब्द एकेका भाषेत घालून पाहिले. पोर्तुगीज भाषेत नेमका याच व्यायामावरचा लेख सापडला. समिती म्हणते, भाषांतर असल्याशिवाय लेख विचारात घेता येणार नाही. भाषांतर कक्ष म्हणतो, समितीने मंजूर केलेल्या लेखाचेच भाषांतर होईल. दोन्ही खोल्या समोरासमोर आहेत. मधल्या बाकावर अर्जदार इतकी बसली आहे की शिपाईदादा आता न विचारताच चहा आणून देतात. चहाबद्दल तक्रार नाही.

४. त्या पोर्तुगीज लेखाच्या शेवटी, आधार म्हणून, आपल्याच विभागाच्या एका जुन्या वार्षिकांकातील लेखाचा उल्लेख आहे. अर्जदाराने अडगळीच्या खोलीतून तो अंक शोधून काढला. हा अर्ज ज्या भाषेत आहे, समितीचा शेरा ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत तो लेख आहे. देवच पावला, असे वाटले. परंतु ग्रंथालय म्हणाले, लेख इंग्रजी नाही, सबब नोंद होणार नाही. भाषांतर कक्ष म्हणाला, ही परकी भाषा नव्हे, सबब भाषांतर होणार नाही. म्हणजे परक्यांना जो लेख सापडला, तो आपल्याला हातात धरूनही सापडत नाही. अर्जदार पुन्हा बाकावर येऊन बसली.

५. सदर लेखाचे लेखक आपण आहात. सोबतच्या छायाचित्रात रुग्णाच्या पट्टीचे दुसरे टोक आपण धरले आहे आणि मनापासून हसत आहात. शेऱ्याखालची सहीसुद्धा आपलीच आहे. समोर शून्य आले म्हणून आपण ती केली असणार, हे अर्जदारास कळते. तरीही राग आला, तो ती लपवत नाही.

६. तरी, ग्रंथालयातील ती खूण काढावी अथवा आपला लेख आपण स्वतः वाचून ग्राह्य धरावा. यांपैकी काहीच नियमात बसत नसेल, तर सोमवारी आपण स्वतः उपचारखोलीत यावे आणि पट्टी सोडा, असे काकांना सांगावे. अर्जदाराच्याने ते होणार नाही. कोणी कितीही ओढले तरी सोडायची नाही, असे तिनेच त्यांना शिकवले आहे.

आपल्या दोन खोल्यांमधल्या बाकावरून,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : शुक्रवार

सोबत :
१. पोर्तुगीज लेख (भाषांतर नाही)
२. आपला लेख (भाषांतराची गरज नाही)
३. कापडाची पट्टी, एक (सोमवारी लागेल, कृपया परत द्यावी)