टिंबांच्या जागी

जळगाव, ६ फेब्रुवारी १९६९

लीलाधर सरांनी प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत दिलं. लाल पेन्सिलीनं रंगवून! म्हणाले, "बिऱ्हाडे, हा म्हणतो, तो म्हणतो — यात तुम्ही कुठं आहात?"

एवढी पुस्तकं उपसली, धरणगावच्या वावरांतून फिरलो, कापूस वेचणाऱ्या मजुरांशी बोललो — आणि हा प्रश्न! सर चहा पाजून बोलतात, त्यामुळे भांडताही येत नाही. म्हणे, दुसऱ्याचं वाक्य तेव्हाच घ्यावं, जेव्हा त्या शब्दांवाचून अडतं. एरवी आपल्या शब्दांत सांगावं, नाव मात्र ज्याचं त्याचं द्यावं.

एका अवतरणापाशी पेन्सिल थांबली होती. "ही टिंबं कशाची? काय गाळलंत?"

ते आबांचं आहे. खाली मी लिहिलंय, 'एक वृद्ध मजूर'. तो मजूर माझा बाप आहे, हे सरांना ठाऊक नाही.

७ फेब्रुवारी

निम्मी अवतरणं उडवली. जीव तुटला! आबांचं ठेवलं. साफसूफ करून मी ते असं लिहिलंय: 'मूल रडले की हात थांबतात, हात थांबले की मुकादम मजुरी कापतो...' पुढं काय होतं, आठवत नाही. मजुरीच्या मुद्द्याला उपयोगाचं नव्हतं म्हणून गाळलं.

धरणगाव, ९ फेब्रुवारी, रविवार

आबांना वाचून दाखवलं. कपाळाला आठ्या. "हाई कोन बोलनं?"

"तुम्हीच बोलनात ना, आबा!"

"मी? मी आसं मास्तरगत बोलस?" — आणि हसता हसता ठसका. पाठीवरून हात फिरवला. किती हाडं लागतात हाताला!

मग त्यांच्याच बोलीत पुन्हा म्हणवून घेतलं. "पोर रडस ते हात थांबतस. हात थांबनात ते मुकादम रोज कापस. पन पोर हासस ते बठ्ठा थकवा पयी जास."

पोर हसलं की सगळा थकवा पळून जातो — हे गाळलं होतं! मजुरीच्या प्रकरणात पोराचं हसू कुठं बसवणार, म्हणून. गाढव मी.

आईबद्दल विचारावंसं वाटलं. मी अंगावर पीत होतो तेव्हाच ती गेली. फोटोही नाही. मागं एकदा विचारलं होतं, आई कशी बोलायची? आबा उठून माठाकडे गेले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले. आज धीर झाला नाही.

जळगाव, ११ फेब्रुवारी

सर खूश. "आख्खं घ्या, बोलीतच घ्या, खाली अर्थ द्या. आणि या माणसाला नाव नाही का?"

सांगून टाकलं. घरचा साक्षीदार कोण मानणार, म्हणून नाव दिलं नव्हतं. सर हळूच म्हणाले, "बापाचं नाव आहे, अभिमानानं लिहा."

तळटीप लिहिली: आधार बिऱ्हाडे, धरणगाव. काय देखणं दिसतं!

धरणगाव, १६ फेब्रुवारी, रविवार

आबांना कागदावर त्यांचं नाव दाखवलं. बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "मनं नाव काढी टाक, भाऊ. बोलनं तुनी मायनं शे. तू बांधवर झोयीम्हा, ती कापूस येचे. रोज घर ईसन हाईच म्हने."

आईचे शब्द! रोज घरी येऊन हेच म्हणायची. आज ते पाणी प्यायला उठले नाहीत. मीच उठलो.

१७ फेब्रुवारी

तळटीप बदलली: मंदाबाई आधार बिऱ्हाडे, धरणगाव.

सर विचारत होते, यात तुम्ही कुठं. त्या टिंबांच्या जागी — बांधावर, झोळीत. हसत होतो!