एकगाठी

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

नमस्कार. दोऱ्याचे गुंडे पाठवायचेच होते, म्हणून त्यांच्यावर ही चिठ्ठी ठेवते आहे. दोरा या वेळी जरा पिवळट वाटेल. दुकानदार म्हणतो, भिजला की खुलतो. त्याच्या म्हणण्यावर जाऊ नकोस, आधी एक टोक भिजवून बघ. रबरी फुगाही नवा घातला आहे. जुन्यातली हवा जाते आणि तू त्यावर दोरा गुंडाळता गुंडाळता मधेच फुंकत बसतेस, ते आता बंद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या जावयाचा खोकला थांबला, घोरणं थांबलेलं नाही.

तू सांगितलंस की परवाचा दोऱ्याचा दिवा पुरा होत आला असताना दोरा तुटला आणि तू सगळा उसवलास. आत एक जोड दिला असतास तर कुणाला दिसला असता, असं म्हणणार होते. पण तुझं उत्तर मला पाठ आहे. गाठ मारली म्हणजे संपलं, आणि संपायच्या आधी संपवायचं नसतं.

आता आपल्या दुकानाबद्दल. परदेशी पाठवायचं भाडं पुन्हा वाढलं. आपला दिवा हातात घेतला तर पिसासारखा, पण कुरियरवाले वजन करतच नाहीत, खोकं मोजतात. लांबी, रुंदी, उंची, आणि त्यावरून म्हणे याचं वजन एवढं धरायचं. काउंटरवरच्या बाईंना मी मनातल्या मनात फूटपट्टी म्हणते. परवा त्यांनी चिकटपट्टीचा फुगवटासुद्धा मोजला. म्हणजे दिव्याच्या पोटातली हवा आपण समुद्रापार पाठवतो आणि त्या हवेचं भाडं दिव्यापेक्षा जास्त भरतो. मागे तुला हे सांगितलं तर तू म्हणालीस, "मग हवा तिकडचीच वापरा म्हणावं." मी ते फूटपट्टीबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

बरं, पोचलं तरी पुढे कस्टम आहेच. मी कागदावर सरळ 'दिवा' लिहीत होते, तर तिकडून विचारणा आली की हे विजेचं उपकरण आहे का, असेल तर सुरक्षिततेचा दाखला कुठे आहे. नुसतं दोऱ्याचं कवच आहे हो, बल्ब ज्याचा त्याने लावायचा, हे समजावण्यात माझी अख्खी आठवड्याची सुट्टी गेली. आता मी 'दोऱ्याची शोभेची वस्तू' असं लिहिते. तुला हे आवडणार नाही, पण त्यांना आवडतं.

आणखी एक. एका गिऱ्हाइकाने तिकडचा कर भरायला नकार दिला. तो गिऱ्हाइकानेच वेगळा भरायचा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर मी ते ठळक लिहिलेलं नव्हतं. तेव्हा त्याचं खोकं परत येतंय, परतीचं भाडंही आपल्याच माथी. खातं तुझ्या नावावर आहे, म्हणून ते तुझ्या दारात येईल. आलं की सही कर आणि कोपऱ्यात ठेवून दे. उघडू नकोस. पुन्हा पाठवायचंय, आणि बांधणी एकदा सुटली की तशी होत नाही. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा मीच घेऊन जाईन.

खरंच उघडू नकोस हं. धूळ बसते.

अंगठ्याला शेक देत जा.

तुझी,
दुकानदारीण


शनिवार, १८ ऑक्टोबर

मावशी,

हे पत्र मंगळवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून घाईच्या टपालाने पाठवते आहे. फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मधेच "असू दे गं" म्हणतेस, आणि मला लगेच बरं वाटतं. या वेळी मला इतक्या लवकर बरं वाटायला नको आहे.

काल तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. स्क्रीनवर तुझं नाव दिसलं. खोकं आलं असणार, आणि तू ते उघडलं असणार, असं धरून मी जिन्यावरच बसले. तू मात्र अगदी खुशीत होतीस. म्हणालीस, "गुंत्या, अगं त्यांनी भलत्याचंच खोकं आणून टाकलंय." मग समजावून सांगितलंस. रुंदी बरोबर आहे, म्हणून आधी तूही फसलीस. पण उंची निम्मीच. आपला दिवा यात मावायचा नाही, मावला तर मोडूनच. तू उघडलं नव्हतंस, कारण मी नको म्हटलं होतं. वरून कुरियरच्या ऑफिसात फोनही केला होतास, आणि ते बुधवारी न्यायला येणार होते.

"कुणीतरी वाट बघत असेल गं त्याची," असं म्हणालीस.

आणि मी काय म्हटलं? "बरं." एवढंच. फोन ठेवला, जिना चढले आणि जागेवर जाऊन काम करायला लागले. मावशी, मला सुटल्यासारखं वाटलं. बुधवारी ते खोकं गेलं असतं, कुठल्या तरी गोदामात पडून राहिलं असतं, आणि आयुष्यभर तुला काही कळलं नसतं. तूच मला वाचवलं होतंस, आणि तेही मला नावं न ठेवता.

संध्याकाळी घरी जेवायला बसले तरी ते वाक्य जाईना. कुणीतरी वाट बघत असेल. तू आपली दुसऱ्याच्या खोक्याची काळजी करते आहेस.

सांगते. पहिले दोन दिवे आपण परदेशी पाठवले ते तू केलेस तसे गेले. त्या दोन्हींच्या भाड्यात आपली कमाई गेली, हे तुला सांगितलं नाही. तिसऱ्याच्या वेळी मी काउंटरवर घासाघीस करत होते. फूटपट्टीबाई कंटाळून म्हणाल्या, "भोपळा अर्धा करून आणा की, निम्म्यात जाईल." मागची माणसं हसली. मीही हसले. खोकं उचलून घरी आणलं.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दिवा आडवा ठेवला आणि मधोमध कापला.

खळ वाळून दोरा किती कडक होतो हे तुला काय सांगायचं. कात्री चालेना, म्हणून स्वयंपाकघरातली करवती सुरी घेतली. आवाज फार होत होता. तुझा जावई बाहेरच्या खोलीतून आला, बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मावशींना विचारलंस?" मी हो म्हटलं. तो एकदा सुरीकडे बघून पेपर वाचायला गेला. त्याला ते खोटं वाटलं होतं हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं. आम्ही पुन्हा त्यावर बोललो नाही.

कापल्यावर काठाचं एकेक टोक सुटायला लागलं. तू एकाच दोऱ्यात गुंडाळलेलं, तर ते सुटणारच. म्हणून मी प्रत्येक टोकाला गाठ मारली आणि वर गोंद लावला. मग एका वाटीत दुसरी वाटी ठेवतात तसे दोन्ही अर्धे एकात एक बसवले. खोक्याची उंची निम्मी झाली. सोबत चार बारीक हुक आणि ते कसे लावायचे याचं चित्र. फूटपट्टीबाईंनी मोजलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

त्यानंतर परदेशी गेलेला एकही दिवा पुरा गेलेला नाही.

आणि आपल्या पानावर कालपर्यंत तेच लिहिलेलं होतं. एक दोरा, एक गाठ. 'एकगाठी' हे नाव तू कुठे ठेवलंस, ते मी ठेवलं. तू नुसतं दिवा म्हणायचीस. मला वाटलं, लोकांना गंमत वाटेल, घरी आणून गाठ शोधत बसतील. तसंच झालं. पहिल्यांदा ज्या बाईंना दिवा गेला, त्यांनी लिहिलं होतं की ती एकुलती एक गाठ शोधण्यात घरातल्या सगळ्यांची एक संध्याकाळ गेली. मी तुला ते फोनवर वाचून दाखवलं. तू मला पुन्हा वाचायला लावलंस. मग म्हणालीस, "आता पुढच्याची गाठ आणखी आत लपवते." आणि खरंच लपवायला लागलीस.

पुढे एकाने लिहिलं, गाठ एकच असेल असं म्हणाला होतात, आमच्या दिव्याच्या कमरेला तर गाठींची माळ आहे. हे मी तुला वाचून दाखवलं नाही. त्या दिवशी तू विचारलंस, काही आलं का गं कुणाचं, तर मी मनानेच एक पत्र रचून सांगितलं. म्हातारे नवराबायको, गाठ सापडत नाही म्हणून भांडतायत, वगैरे. तू खूप हसलीस. ती माणसं नाहीत, मावशी. मी तयार केली होती. नंतर तू त्यांची दोनदा चौकशी केलीस, सापडली का त्यांना गाठ म्हणून.

मला हे असं लिहिताना मधेमधे वाटतं की कारणं सांगावीत. भाडं खरंच तेवढं आहे. न कापता एकही दिवा परदेशी जाण्यासारखा नाही, आणि परदेशी गेला नाही तर तुझं काम महिन्यातले बरेच दिवस थांबून राहील. काकांच्या मागे तू दोरा हातात घेतलास तो याच दुकानामुळे, हे मी स्वतःला रोज ऐकवत होते. सगळं खरं आहे. पण हे सगळं मी तुला विचारून करू शकले असते. तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही. एवढंच त्याचं कारण.

आणि तुझा दोरा तुटला तेव्हा तू अख्खा दिवा उसवलास. दुखऱ्या अंगठ्याने. एकच जोड राहील म्हणून. त्याच आठवड्यात मी तुझा आधीचा दिवा टेबलावर आडवा घातला होता. मागच्या पत्रात 'एक जोड दिला असतास तर' असं मी तुला किती सहज लिहिलं बघ. तुला चिडवत नव्हते. आपण दोघी सारख्याच आहोत असं तुझ्याकडून वदवून घ्यायचं होतं.

काल जेवण झाल्यावर मी परदेशी विक्री बंद केली. पानावरून ते वाक्यही काढलं. ज्यांच्याकडे कापलेले दिवे आहेत त्यांना खरं काय ते लिहिते आहे. पहिलं पत्र मात्र तुला. तू दिवा दोन भागांत करायला कधी तयार होशील का, हे मी आज विचारणार नाही. विचारायची वेळ माझ्या हातून गेली. कधी तुला वाटलंच तर तूच विषय काढ, नाही वाटलं तर आपण शेजारपाजारच्या गावांपुरतं विकू आणि हवेचं भाडं वाचवू.

तुला आठवतं, लहानपणी मी तुझ्या गुंड्याशी खेळून सगळा दोरा गुंतवायचे, आणि तू ओरडायची नाहीस. समोर बसवायचीस आणि म्हणायचीस, "तूच सोडव, मी धरते." म्हणून तर हे नाव पडलं. या वेळचं सोडवायला काही उरलेलं नाही, मी कापून ठेवलंय. तरी समोर येऊन बसणार आहे. पुढच्या रविवारी येते. बस स्टँडवर घ्यायला येऊ नकोस.

बुधवारी कुरियरचा माणूस येईल त्याला परत पाठव. त्याची काही चूक नाही, त्याने बरोबर दारात आणून दिलं. दुसरं कुणी वाट बघत नाहीये.

ते खोकं आपलंच आहे. उघड.

तुझा,
गुंता